पंडितजींच्या परवान्यावरचा शिक्का

रामनगरला जाणाऱ्या नावेत त्या सकाळी इतकं धुकं होतं, की समोर बसलेल्या माणसाचा मला आधी फक्त उजवा हात दिसला. हात वर जायचा, खाली यायचा, मध्येच बाजूला वळायचा. काशीच्या ब्रह्मा घाटावर वाढलेल्या मुलीला हे सांगावं लागत नाही, स्वर लावून वेद म्हणणाऱ्याचा हात असाच चालतो. मी भक्तिभावाने कान दिला.

"ज्वलनशील पदार्थ ले जानेवाले वाहन के चालक को चाहिए कि…"

"अगं बाई," माझ्या तोंडून निघालं. हात थांबला.

"तुम्ही मराठी?" धुक्यातून आवाज आला. छान, खर्जातला आवाज.

"हे काय म्हणत होता तुम्ही?"

"टँकरवाल्यांची किताब. आजपासून आमचा क्लास आहे ना. पूरी चोवीस पानं याद आहेत मला."

"आणि शिकवणारे कडक निघाले तर?"

"कोणी मास्टरनीबाई आहे म्हणतात, केमिस्ट्रीवाली. बूढ़ी असेल बिचारी."

मी शाल नाकापर्यंत ओढून घेतली आणि गंगेकडे बघत राहिले. पाण्यावर पांढरे पक्षी तरंगत होते, तेवढेच दिसत होते.

तासाभराने ती बूढ़ी बिचारी वर्गात शिरली, तेव्हा पहिल्या बाकावर बसलेल्या नावेतल्या त्या माणसाचा, म्हणजे ढुंढिराजांचा, चेहरा बघण्यासारखा झाला. मला त्या दिवशी शिकवायला फार मजा आली, खोटं कशाला बोलू.

ही चौऱ्याण्णवची थंडी. पेट्रोल, गॅस, ॲसिड वाहणाऱ्या ड्रायव्हरांसाठी नवे नियम आले होते: तीन दिवसांचा वर्ग, तोंडी परीक्षा, मग परवान्यावर शिक्का. शिक्का नाही तर डेपोच्या फाटकातून टँकर बाहेर नाही. वीस-वीस वर्षं गाडी चालवलेले लोक माझ्यापुढे शाळकरी मुलांसारखे बसत आणि त्यांतला एकटा ढुंढिराज घडाघडा उत्तरं देई. सगळे त्याला पंडितजी म्हणत. तो संकठा घाटचा. लहानपणी आठ वर्षं वेदपाठशाळेत काढली, मग वडील गेले आणि त्याने स्टेअरिंग धरलं. आमच्या दोन घरांमध्ये चार गल्ल्या होत्या, तरी कधी भेट नव्हती. आणि आमच्याकडे ओळख नसली तरी मुलीला ताई म्हणायची पद्धत आहे, पण याने मला एकदाही ताई म्हटलं नाही… हे माझ्या ताबडतोब लक्षात आलं होतं.

परीक्षेत मात्र घोळ झाला. त्याने पाठ केली होती ती मित्राकडची जुनी पुस्तिका. नियम बदलले तशी आमच्या संस्थेने ती बदलली होती. गळती दिसली तर आधी मालकाला कळवा, असं जुनीत होतं. नवीत आधी इंजिन बंद, आग विझवा, माणसं दूर करा, कळवायचं त्यानंतर. मी वर्गात तीनदा सांगितलं होतं. त्याने मान डोलावली होती. पण विचारल्यावर हात हलला आणि तोंडातून जुनंच आलं.

"पुन्हा सांगा," मी म्हटलं.

पुन्हा तेच.

मला त्याला पास करावंसं वाटलं. पेन हातात होतं, खोलीत आम्ही दोघंच होतो. पण उद्या खरंच टाकी गळली आणि हा फोन शोधत बसला तर? मी नापास लिहिलं आणि माझेच डोळे भरून आले.

संध्याकाळी नावेत तो माझ्याशेजारी येऊन बसला. "मालकाने शनिवारपर्यंत मुदत दिली आहे. नाही जमलं तर गाडी दुसऱ्याला. मग मी नाशिकला, मामाकडे पूजा सांगायला."

"रागावलात?"

"तुमच्यावर? नाही हो. पाठात अक्षर बदललं की छडी मिळायची आम्हाला. ओळीला ओळ बांधलेली असते, मधली एक काढली की पुढचं सगळं अडतं."

"मग किताब सोडा. डोळे उघडे ठेवा. समजा, रामनगरच्या चौकात लस्सीच्या दुकानासमोर तुमची टाकी गळते आहे. काय दिसतं?"

तो विचारात पडला. "लस्सी."

"ढुंढिराज…"

"बरं. भट्टी दिसते, दुधाची. शाळेतून सुटलेल्या मुली. एक आजोबा बिडी ओढतायत."

"मग आधी काय कराल?"

गुरुवारी आणि शुक्रवारी तो फेरपरीक्षेच्या तयारीसाठी माझ्याच नावेने आला आणि येता-जाता आमचं हेच चाललं. मी टाकी गळवायची, त्याने माणसं वाचवायची. शुक्रवारी त्याने शाळेच्या मुलींत मलाही उभं केलं आणि सगळ्यांत आधी मलाच बाजूला नेलं. "असा पक्षपात नियमात बसत नाही," मी म्हटलं. तो हसला… आणि नाव काठाला लागूच नये असं मला वाटलं.

शनिवारी मी परीक्षा घ्यायला नकार दिला. आमचे विश्वेश्वर सर प्रश्न विचारायला बसले आणि मी कोपऱ्यात रजिस्टर घेऊन. गळतीचा प्रश्न आला. ढुंढिराजचा हात उचलला गेला. मग त्याने तो हात मांडीखाली दाबून धरला आणि अडखळत, स्वतःच्या साध्या शब्दांत सांगू लागला. इंजिन बंद. भट्टी विझवायची. आजोबांची बिडी. वारा कुठून येतो बघून माणसं त्या बाजूला न्यायची. मग फोन.

"भट्टी कुठली?" सरांनी गोंधळून विचारलं, पण पास केलं.

सर शिक्का आणायला आत गेले. ढुंढिराज उठून माझ्या टेबलापाशी आला.

"मैत्रेयी, मला तुमच्याशी लग्न करायचंय. दोन खोल्यांचं घर आहे. आठवड्यातले चार दिवस मी सडकेवर असतो. पेट्रोलचा वास जात नाही, साबण बदलून पाहिला."

आनंद होताच, पण भीतीही होती. टँकर घेऊन गेलेल्या माणसाची वाट बघणं काय असतं, ते मीच तर वर्गात चित्रं दाखवून शिकवत होते.

"एका अटीवर," मी म्हटलं. "जिथे पोचाल तिथून रोज फोन करायचा."

"करीन. पण तुमच्या घरी फोन कुठे आहे?"

"शेजारी लीलामावशींकडे आहे."

"त्या साऱ्या मोहल्ल्यात सांगतील."

"सांगू देत," मी म्हटलं.