मागे ठेवलेला फोल्डर

हे माझ्याच घरात घडलं. ऐकीव नाही, रचलेलं नाही. कराकोल गाव, नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार, आणि बाहेर लख्ख ऊन. रात्र असती तर अंधाराला दोष देता आला असता.

सकाळी सव्वासातला मी शेगडीत कोळसा घातला. दुधाचा चहा केला. कालच्या नानचे तुकडे आणि जर्दाळूचा मुरंबा ताटात मांडला. पलीकडच्या खोलीत सासूबाईंना, आमच्या एनेंना, उशीला टेकवून बसवलं. कंबर मोडल्यापासून त्या अंथरुणालाच खिळल्या होत्या. माझा नवरा मेदेर उभ्याउभ्याच चहा प्यायला. त्याला गाडीचे हिवाळी टायर बसवून घ्यायचे होते.

बूट चढवताना तो म्हणाला, "जुन्यातलं एकही पत्र मागे राहू देऊ नकोस, झिबेक."

कोणती पत्रं, हे त्याने सांगितलं नाही.

सांगायची गरज नव्हती.

आमच्या पाहुणेघराचा अकरा वर्षांचा सगळा ईमेल जुन्या संगणकात होता. पत्रं, पत्ते, पासवर्ड, सेटिंग्ज. ते सगळं नव्या संगणकात आणायचं होतं. मी शाळेत संगणक शिकवते, म्हणून काम माझ्याकडे आलं. चार वाजता नणंद जुना संगणक न्यायला येणार होती. त्याआधी त्याची डिस्क पुसायची होती.

त्यात एक फोल्डर होता. कान्यशाय.

मेदेरची पहिली बायको. आमच्या लग्नाच्या तीन वर्षं आधी घाटात गाडी घसरून ती गेली. तिची एक हजार तीनशे बारा पत्रं त्याने जपली होती. खाली माझा फोल्डर. लग्नाआधी मी बिश्केकहून लिहिलेली पत्रं. शहाऐंशी.

आकडे एकाखाली एक दिसत होते. माझा हात माऊसवर थांबला...

मी तिचा फोल्डर सोडून बाकी सगळं एका सुट्या हार्ड डिस्कवर घेऊन नव्या संगणकात उतरवलं. फाइल खराब निघाली, असं सांगायचं ठरवलं. सेटिंग्जमध्ये तिची सही अजून होती. तिने लिहिलेल्या प्रत्येक पत्राखाली प्रोग्राम ती आपोआप जोडत असे. 'कान्यशाय. चहा तयार आहे.'

नव्या संगणकात मी तीही पुसली. बरं वाटलं मला. खोटं कशाला सांगू.

मग स्वयंपाकघरात गेले. गुरुवारी आमच्याकडे तेल तापवतात, पिठाचे बोर्सोक तळतात आणि घरातल्या गेलेल्यांची नावं घेतात. तेलाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो, तेवढ्यानेच त्यांचं पोट भरतं. मी सासऱ्यांचं नाव घेतलं. आजेसासूचं घेतलं.

तिसरं नाव घेतलं नाही.

बोर्सोक फुगले, तांबूस झाले. कढईवर धूर होता. आणि तरी...

वास नव्हता.

मी वाकले. धुराने डोळ्यांना पाणी आलं. वास मात्र कशाचाच नाही.

आतून एनेंनी विचारलं, तेल तापवलंस का. तापलंय म्हटलं. त्यांना ऐकू कमी यायचं, पण नाक भलतं तिखट.

"मग वास कुठे अडला? माझं नाक म्हातारं झालं की तुझं तेल?"

मी हसण्यावारी नेलं. त्या हसल्या नाहीत. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "उपाशी ठेवलंस तिला."

तेवढ्यात संगणकाच्या खोलीतून घंटी वाजली. नवीन पत्र आल्याची.

नव्या संगणकाला इंटरनेट अजून जोडलेलं नव्हतं...

मी धावत गेले. नव्या संगणकात माझ्या नावाचा फोल्डर होता. रिकामा. जुना उघडला. तिथेही शून्य. आणि कान्यशायच्या नावापुढे...

एक हजार तीनशे अठ्ठ्याण्णव.

हिशेब करावा लागला नाही. मी पहिलं पत्र उघडलं. माझंच होतं. वसतिगृहाचा हीटर बंद पडला होता, मी मेदेरचा स्वेटर घालून झोपले होते, ते सगळं. माझे शब्द, माझी तारीख.

खाली सही होती. 'कान्यशाय. चहा तयार आहे.'

शहाऐंशीच्या शहाऐंशी पत्रांखाली.

मी ती निवडून माझ्या फोल्डरमध्ये परत टाकली. आकडा शहाऐंशी झाला. घंटी वाजली. आकडा शून्य झाला. पुन्हा टाकली.

पुन्हा घंटी.

अडीच वाजले होते. डिस्क पुसली तर ती कायमची जाणार होती, आणि तिच्यासोबत माझी पत्रंही. नेली तर माझं सगळं प्रेम तिच्या नावाने जाणार होतं. तिची पत्रं मला सलत होती. मी तिच्या घरात, तिच्या चुलीपाशी, तिच्या सासूला उशी देत होते. मग माझी तिला का सलू नयेत?

मेदेर आजही तो फोल्डर उघडतो. वाचताना कधीकधी हसतो. कुणाच्या पत्राला, हे मी कधी विचारलेलं नाही. तो हसला की मला खोलीत थांबवत नाही.

पण हे नंतरचं. त्या दुपारी एने झोपल्या होत्या आणि घरात आवाज नव्हता. मी हार्ड डिस्क पुन्हा जोडली. कान्यशायचा फोल्डर आहे तसा, माझ्या पत्रांसकट, नव्या संगणकात नेला. सेटिंग्ज उघडून तिची सही स्वतःच्या हाताने टाइप केली आणि जतन केली. मग माझा रिकामा फोल्डर काढून टाकला. जुनी डिस्क पुसली, वायर गुंडाळली आणि संगणक नणंदेसाठी दाराशी नेऊन ठेवला.