सकाळी रुसणारा क्लच

"दाब रे! हाताने दाब, हाताने!" मंगेश ओरडला.

लहान्याने नव्या जीपच्या क्लचवर तळहात टेकवला. पेडल अलगद आत गेलं. "काय हलका हाय! लोण्यात हात घातल्यावानी!"

कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या नीताच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पोशेरे गावचा लहान्या तिच्याच वयाचा. दिवाळीच्या सुट्टीत तो जव्हारला मामाकडे राहायचा आणि रोज नीताच्या बाबांच्या जुन्या जीपमध्ये खेळायला यायचा. शेजारी मंगेशकडे नवी जीप काय आली, स्वारी लगेच फितूर!

"तुमच्या क्लचला केबल!" मंगेश मुद्दाम मोठ्याने म्हणाला. "तार ओढायची म्हणजे पायात जोर हवा. आमच्यात तारच नाही. पेडल दाबलं की नळीतलं तेल क्लचला ढकलतं. हायड्रॉलिक म्हणतात त्याला!"

"कळलं! मोठा आला शहाणा!" नीता फणकारली.

खरं तर तिला रडू येत होतं. डोंगरातल्या पाड्यांवर बाळांना लस द्यायला डॉक्टरबाई जात, त्या नीताच्या बाबांच्या जीपने. यंदा मात्र मंगेशचे बाबा, मधुकाका, हटून बसले होते, "आमची पण गाडी बघा की!" शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "शुक्रवारी सकाळी दोन्ही गाड्या आणा. घाटात दगा देणार नाही, तीच वर्षभर घेईन." बाबा मान डोलावून जीप पुसायला गेले होते. तेच नीताला जास्त झोंबलं होतं.

आणि मग गंमतच झाली. नवी जीप सकाळी रुसायला लागली! गारठ्यात मधुकाका क्लच दाबत, तो खाली जाई आणि वर यायचं नावच घेत नसे. गिअर टाकायला गेलं की कर्रर्र! दुपारी मात्र तीच जीप निमूटपणे गॅरेजपर्यंत जाई आणि मिस्त्री म्हणे, "काही झालेलं नाही हिला!"

"बरं झालं!" नीता पुन्हा तिच्याकडे आलेल्या लहान्याला म्हणाली. "फार मिरवत होता!"

"पण क्लच दुपारी बरा कसा होतो गं?" लहान्याने डोकं खाजवलं. "भूतबित तं नसंल?"

"भूत काय जीप चालवायला शिकतंय होय रे?"

दोघं खो खो हसले. पण कोडं नीताच्याही डोक्यातून जाईना.

गुरुवारी सकाळी आईने हाक मारली, "नीता, तेलाची बाटली चुलीपाशी ठेव गं. पार थिजलंय!"

मोहाच्या बियांचं तेल ते. जव्हारच्या थंडीत ते तुपासारखं पांढरं होतं आणि ऊब लागली की पुन्हा पातळ. नीता बाटलीकडे बघतच राहिली. सकाळी थिजतं, दुपारी वितळतं...

ती धावतच सुटली. लहान्याला ओढत कुंपणापाशी आली. मधुकाका बॉनेट उघडं टाकून चहाला आत गेले होते. नीताने कुंपणातून पलीकडे शिरून क्लचच्या तेलाच्या डबीचं झाकण फिरवलं. आत पांढरा गोळा!

लहान्याने वास घेतला. "अगं, ह्यां तं मोहाचां तेल!"

"सापडलं!" नीता ओरडणार होती. पण एकदम थबकली. त्याच तेलाची एक बाटली बाबांच्या हत्यारांच्या पेटीत होती. जीपच्या केबलला गंज चढू नये म्हणून दर रविवारी बाबा तारेवर तेच तेल सोडत.

बाबांनीच केलं नसेल ना हे?

"चल, मंगेशला सांगू!" लहान्या म्हणाला.

"गप्प बस! कुणापाशी एक शब्द बोललास तर बघ!"

दिवसभर तिला काही सुचेना. बाबा गुणगुणत जीप पुसत होते. विचारायला ती दोनदा गेली आणि तशीच परत आली.

शुक्रवारी डॉक्टरबाई लसींची पेटी घेऊन आल्या. बाबांची जीप सुरू झाली. नवी जीप पुन्हा अडली. मंगेश पायरीवर बसला होता. त्याचे डोळे लाल झाले होते. नीताला वाटलं होतं, आज आपण उड्या मारू. पण तिला त्याच्याकडे बघायचा धीर होईना. आता खरं काय ते कळायलाच हवं! तिने मनाशी एक बेत केला आणि मोठ्याने म्हणाली, "मधुकाका, मोहाचं तेल कमी पडलं असेल! बाबा तर भरपूर घालतात!"

आणि तिने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाबा नुसते गोंधळले होते, दचकले नव्हते. म्हणजे त्यांनी घातलं नव्हतं!

मधुकाका मात्र उडालेच! "तरीच! मी थोडंच घातलं होतं!" त्यांनी सीटखालून बाटली काढली आणि डबीचं झाकण उघडलं.

"अरे मधू, थांब!" बाबांनी त्यांचा हात धरला. "ते तारेला घालायचं! तुझ्या गाडीत ब्रेक ऑइलच चालतं. हे थिजून बसलंय आत, रबरं खराब होतील!"

सगळे मधुकाकांकडे पाहू लागले. त्यांचा चेहरा पडला. "रविवारी तू घालताना बघितलं," ते पुटपुटले. "वाटलं, हेच याचं गुपित. डॉक्टरबाई सारखं तुझंच कौतुक करतात. मला बघवत नव्हतं रे."

"हे हुडकलं कुणी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नीतानं!" लहान्या ओरडला.

"शाबास! मोठ्यांना जमलं नाही ते तू केलंस!" त्यांनी तिची पाठ थोपटली. "हायड्रॉलिक पायाला हलका, हे खरं. पण पोशेऱ्याच्या पुढे नळी फुटली तर दुरुस्त कोण करणार? केबल तुटली तर तुझे बाबा रस्त्यातच नवी घालतात. तेव्हा डोंगरात जुनी जीप आणि मोखाड्याच्या सडकेला नवी."

निम्मं काम मंगेशकडे गेलं, हे नीताला जरा टोचलंच.

संध्याकाळी डोंगरातून परतल्यावर बाबा मधुकाकांच्या जीपची नळी धुवायला बसले. नीता शेजारी उकिडवी बसली. "बाबा, मला वाटलं, तुम्हीच ते तेल घातलं."

बाबांचा हात थांबला. "मी? असं का वाटलं गं?"

"कारण मलाच ती जीप बंद पडायला हवी होती."

बाबांनी कुंपणापलीकडे एकदा पाहून घेतलं. मग हळूच म्हणाले, "मलाही हवी होती. रोज सकाळी तिची कर्रर्र ऐकून बरं वाटायचं."

नीता त्यांच्याकडे बघतच राहिली.

"हे मधूला सांगू नकोस," बाबा म्हणाले. "आणि ही नळी नीट धर. उद्या सकाळी त्याची जीप चालली पाहिजे."