कोनाड्यातला जादा आकडा

ब्याण्णव साली मी परभणीत, विहिरींचं पाणी मोजणाऱ्या एका लहानशा संस्थेत प्रोग्रॅम लिहीत होते. स्टेशनच्या बाजूला ऑफिस, एकच कॉम्प्युटर, त्याच्या पायाशी गुणगुणणारा स्टॅबिलायझर. माझे सहकारी रंगनाथ मोटारसायकलवर गावोगाव जायचे. विहिरीत टेप सोडून काठापासून पाणी किती फुटांवर आहे ते बघून यायचे.

प्रत्येक गावची जमीन वेगळी, म्हणून पाण्याच्या अंदाजाचा हिशेबही वेगळा. दर वेळी मुख्य प्रोग्रॅमला हात लावावा लागू नये म्हणून मी त्याच्या पोटात एक छोटी भाषा बसवली होती. त्या भाषेत रंगनाथ गावागणिक चार-सहा ओळींची स्क्रिप्ट लिहायचे. प्रोग्रॅम आणि स्क्रिप्ट यांच्यामध्ये देवाणघेवाणीची एक जागा होती. रंगनाथांना समजावताना मी तिला कोनाडा म्हणाले आणि तेच नाव पडलं. दोन घरांमधल्या भिंतीतला आरपार कोनाडा. प्रोग्रॅमनं इकडून आकडा ठेवायचा, स्क्रिप्टनं तिकडून उचलायचा, हिशेब करून उत्तर परत ठेवायचं. यापलीकडे दोघांना एकमेकांचं काही दिसत नाही.

ऑक्टोबरात एका गावची स्क्रिप्ट एकाऐवजी दोन आकडे ठेवू लागली.

मी माझा प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. स्क्रिप्ट कागदावर छापून वाचली. इतर गावांच्या स्क्रिप्ट नीट चालत होत्या. शेवटी त्या स्क्रिप्टमधल्या सगळ्या ओळी मी पुसून टाकल्या. अंदाज यायचा बंद झाला. जादा आकडा येतच राहिला, आणि दर वेळी वेगळा.

ते गाव परभणीहून जाताना ताडकळसच्या पुढचं. अठ्ठ्याहत्तरपर्यंत ते आमचं गाव होतं.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतरच्या त्या दिवसांत एका संध्याकाळी आमची वस्ती पेटवली गेली. मी तेव्हा लहान होते. माझ्या मायनं, सरजाबाईनं, मला बखोटीला धरून बैलगाडीत टाकलं. तिची धाकटी बहीण, माझी चतुरा मावशी, वस्तीच्या विहिरीवर पाण्याला गेली होती. ती मागच्या गाडीत बसली असेल असं मायला वाटलं. मागची गाडी परभणीला पोचली, तिच्यात मावशी नव्हती. पुढं माणसं गावात चौकशीला गेली तेव्हा विहीर बुजवून सपाट केलेली होती. कुणी बुजवली, कधी बुजवली, कुणीच बोललं नाही. माय त्यावर एवढंच म्हणायची, "मी एक हाक मारली न्हाई."

मी स्क्रिप्ट पुसली त्या दुपारी माय डबा घेऊन ऑफिसात आली. मी स्क्रिप्ट पुन्हापुन्हा चालवून आकडे मोठ्यानं वाचत होते आणि रंगनाथ ऐकत होते.

"सहा. चौदा. बावीस. सव्वीस. सव्वीस. वीस. अकरा. तीन."

मायनं डबा खाली ठेवला. "हे काय वाचायलीस?"

"आपल्या गावचा आकडा. कुठून येतोय कळेना."

"आणखी वाच."

"सात. पंधरा. सव्वीस."

"कुणीतरी पाणी शेंदायलंय," माय म्हणाली. "बादली खाली जायलीय, वर यायलीय."

रंगनाथ चपापले. "माय, वस्तीच्या जागी आता विहीरच न्हाई. मी परवा बघून आलो. जमीन सपाट हाय, वर कापसाची पऱ्हाटी उभी हाय."

मायनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "सत्यशीला, तिकडून यायलंय तर इकडून काही देता येतं का?"

"आकडा देता येतो. दुसरं काही नाही."

ती बाकावर बसली. "बादली काठावर आली म्हणजे किती?"

"शून्य."

"मंग शून्य दे. तिला म्हणावं, बास झालं पाणी. घरी चल."

स्क्रिप्ट कोरी होती. ठेवलेलं उचलायला पलीकडे एक ओळसुद्धा नव्हती. उचलला गेला नाही तर आकडा कोनाड्यात तसाच पडून राहील, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी शून्य ठेवलं आणि स्क्रिप्ट चालवली.

शून्य जागेवर नव्हतं.

पुन्हा चालवली.

उणे दोन.

"उणे कसं?" रंगनाथ पडद्यावर वाकले. "काठाच्या वर?"

उणे पाच.

पुन्हा उणे पाच. आकडा आता हलत नव्हता.

माय उठली. हात पुढं करून तिनं तळवा हवेत आडवा धरला, स्वतःच्या नाकाइतक्या उंचीवर.

"डोक्यावर घागर घेतली की एवढी व्हायची," ती म्हणाली. "वाढली न्हाई गं ती." मग पदर तोंडात धरून ती रडली. चौदा वर्षांत मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळानं आमच्या गावची स्क्रिप्ट काहीच देईना. मला हायसं वाटलं. राहिलेलं काम उरकावं म्हणून मी ताडकळसची स्क्रिप्ट चालवली.

अंदाज आला. त्याच्याखाली उणे पाच.

मशीन बंद करायला मी हात नेला तर मायनं तो धरला.

उन्हं उतरली. ताडकळसखालचा जादा आकडा गेला. मी पिंगळीची स्क्रिप्ट चालवली.

उणे पाच.

पिंगळीच्या पुढं परभणीच येतं.

माय बाकावर सरकून बसली आणि शेजारी एका माणसाची जागा केली.