चौथ्या मजल्यावरचा मोजणीवाला

दोन-दोन पायऱ्या ओलांडत पार्सल घेऊन चौथ्या मजल्यावर पोचले, तर दारातच एकजण आडवा आला.

“दम नाही लागला?”

“सही करा. माझ्या दमाची चौकशी कशाला?”

तो हसला. हसताना त्याचा चष्मा घसरला... आणि मी उगाच थांबले.

व्यायामाने माणसाच्या स्नायूंचे तंतू बदलतात का, हे तिथल्या प्रयोगशाळेत मोजायचे. आधी मांडीतून सुईने तांदळाएवढा तुकडा काढायचा. मग बारा आठवडे सायकल मारायची, जागच्या जागी. मग पुन्हा तुकडा.

“येणार?” त्याने विचारलं.

“मी काय सुईला घाबरते?”

घाबरले की! तिथल्या डॉक्टरबाईंनी सुई घातली आणि मी शेजारी उभ्या असलेल्या त्याची बाही अशी ओढली, की बटण माझ्या मुठीत आलं. ते परत दिलंच नाही.

मला शाळेत बाकावर अर्धा तास बसवायचं नाही. नववीत सोडलीच, त्याला आता सात वर्षं झाली. आई म्हणते, कार्टीच्या पायाला भिंगरी आहे. आणि हा? सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तीन-तीन तास! रंगवलेल्या तुकड्यात काळे तंतू, फिके तंतू... एकेका तुकड्यातले तीनशे मोजायचे. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. ना चिडचिड, ना आदळआपट. सायकल संपली की मी दारात उभी राहून बघायचे. असं कोणी असतं?

“तुमच्यात चटकन जोर लावून चटकन दमणारे तंतू बरेच असणार,” तो म्हणायचा.

“चटकन भडकणारे पण मोजा.”

“त्याला सूक्ष्मदर्शक कशाला?”

बारावा आठवडा. दुसरी सुई. आणि हा गायब!

“त्याने मोजणी सोडली,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आता मीच मोजणार.”

माझं डोकंच फिरलं. त्याला जिन्यात गाठलं.

“सहा महिने सगळ्यांचं मोजलंत, आणि माझी वेळ आली तर नको झालं?”

“तसं नाही... तुकड्यांच्या डब्यांवर नुसते आकडे असतात. कोणता तुकडा कोणाचा, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. नाहीतर डोळा हवं तेच बघतो.”

“मग? तुम्हाला कुठे कळतं?”

“नाही कळत.” तो चष्मा पुसत राहिला. “तरी हल्ली... प्रत्येक तुकडा तुमचाच वाटतो. मोजणार कसा?”

मी खिशातलं बटण काढलं, त्याच्या तळव्यावर ठेवलं.

“हे बारा आठवडे... तुझ्याकडे होतं?”

“हो. आता ते मोजत बसू नकोस.”

त्याने मूठ मिटली. माझ्या बोटांसकट.

“पण मी बदलले का, हे कळणार कधी?”

“महिनाभर लागेल. बाई सांगतील.”

आम्ही खाली उतरायला लागलो. एकेक पायरी. मी... आणि एकेक पायरी!