ग्रिगोरेच्या गाडीतला निळा रंग

हे माझ्या स्वतःच्या गॅरेजमध्ये घडलं, म्हणून सांगते. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीच पहिली हसले असते.

माझं नाव रोदिका. मोल्दोव्हात, ओर्हेईच्या बसस्टँडमागे माझं छोटं गॅरेज आहे. इंजिनाला मी हात लावत नाही, मी गाड्या आतून-बाहेरून साफ करते. उलटी, दारू, कुत्र्याचे केस, सीटखाली नासलेलं दूध... सगळं काढून झालंय माझं. सहजासहजी घाबरणारी बाई मी नाही.

शनिवार, ४ मे २०१९.

रात्र नव्हती. दुपारचे दोन वाजले होते आणि बाहेर कडक ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी ब्लाझिनी होता, म्हणजे ईस्टरनंतरचा रविवार, आमच्या मेलेल्या माणसांचा सण. त्या दिवशी सगळे जेवण घेऊन कबरींवर जातात. त्याआधीच्या आठवड्यात प्रत्येक घरातलं कुणीतरी जाऊन आपल्या माणसाचा क्रूस निळ्या रंगाने रंगवून येतं. त्यामुळे त्या आठवड्यात माझ्याकडे निळा रंग सांडलेल्या तीन-चार गाड्या हमखास येतात. डब्याचं झाकण नीट लावायला काय होतं या लोकांना, देव जाणे.

ग्रिगोरेची गाडी त्या वर्षीची चौथी. इटलीची नंबरप्लेट, करडा रंग. ग्रिगोरे तिकडे फरश्या बसवायचं काम करतो. नऊ वर्षांनी गावी आला होता. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा मातीलाही येता आलं नव्हतं त्याला. आता क्रूस रंगवायला म्हणून मुलीला घेऊन दोन दिवस गाडी चालवत आला होता.

आणि गुरुवारी दफनभूमीच्या वाटेवर गाडी खड्ड्यात आदळली. मागच्या सीटवर ठेवलेला डबा उलटला. अर्धा रंग सीटवर आणि दारावर.

"मग क्रूस?" मी विचारलं.

"राहिला. या गाडीच्या भानगडीत दोन दिवस गेले. आई समजून घेईल. उद्या पहाटे निघायचंय ताई, मंगळवारी कामावर हजर व्हायचंय."

म्हणजे हा माणूस सणाला थांबणारही नव्हता. मला राग आला, पण गिऱ्हाईक आहे, आपण कशाला बोला?

त्याची मुलगी सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. तिने खिशातून लाल रंगवलेली दोन अंडी काढली, एक मला दिलं आणि ईस्टरला आपटतात तसं आपलं माझ्या अंड्यावर आपटलं. माझं फुटलं. काय खूश झाली होती ती.

जाताना ग्रिगोरेने उरलेला अर्धा डबा माझ्या हातात दिला. म्हणाला, तुमच्या फाटकाला लावा.

मी घेतला.

इथे आमच्या दोघांचीही चूक झाली. मेलेल्याच्या नावाने आणलेली वस्तू आमच्याकडे अशी नुसती देत नाहीत. देणारा म्हणतो, हे अमक्याच्या आत्म्यासाठी. घेणारा म्हणतो, देव त्याला क्षमा करो. तेव्हा ती वस्तू जिवंत माणसाची होते. तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही. चांगला महाग रंग होता, फुकट मिळत होता. मी डबा फळीवर ठेवला आणि कामाला लागले.

मागचं दार उघडलं... आणि जागेवरच थांबले.

रंग ओला होता.

ऑइल पेंट. दोन दिवस उन्हात. त्याच्यावर जाड साय यायला हवी होती. मी बोट लावलं तर बोट निळं झालं. आत्ताच कुणीतरी सांडल्यासारखं.

मी मनात म्हटलं, भेसळीचा माल असेल. प्लॅस्टिकच्या पट्टीने वरचा थर काढला. मग जुनी सुती फडकी टर्पेंटाइनमध्ये बुडवून टिपत बसले. घासायचं नाही, टिपायचं. घासलं की डाग पसरतो. शेवटी कोमट पाण्याचं मशीन फिरवलं. चारपर्यंत सीट आणि दार चकाचक. मी गाडी बंद केली आणि दारातच चहा घेत बसले.

तेव्हा आवाज आला.

खर्र... खर्र...

मग शांत.

खर्र... खर्र...

ब्रश डब्याच्या काठावर निथळवतात ना, तसा.

मी फळीकडे पाहिलं. डबा जागेवर होता. झाकण घट्ट होतं.

आवाज गाडीतून येत होता.

बाहेर स्टँडवर ड्रायव्हर गिऱ्हाइकांना हाका मारत होते. सगळं रोजच्यासारखं. फक्त माझ्या गॅरेजमध्ये... माशीसुद्धा नव्हती. दिवसभर डोकं खाणाऱ्या माश्या कुठे गेल्या होत्या?

मी उठून मागचं दार उघडलं. आत कुणी नव्हतं.

दाराच्या आतल्या बाजूला, मी तासभर टिपून साफ केलेल्या जागी, अक्षरं होती. निळी. ओली.

आमची भाषा आईच्या पिढीत रशियन लिपीत लिहायचे, तशी. आता असं कुणी लिहीत नाही. सावकाश, काळजीपूर्वक काढलेली अक्षरं. क्रूसावर काढतात तशी.

अगाफिया.

 माझे हात कामाचेच. फडकं घेतलं आणि पुसून टाकलं. मग ग्रिगोरेला फोन लावला.

"तुमच्या आईचं नाव काय होतं हो?"

"अगाफिया. का? मुलीचंही तेच ठेवलंय."

मी काहीतरी थाप मारून फोन ठेवला. मनाची समजूत घातली. आईचं नाव आहे. मुलगा क्रूस न रंगवता चाललाय, रुसली असेल बिचारी.

खर्र... खर्र...

मी मागे वळले. नाव परत आलं होतं. आणि त्याच्याखाली एक साल.

२०१२.

 परत फोन लावला. या वेळी थाप सुचेना.

"ग्रिगोरे, तुमची आई कुठल्या सालची?"

"सत्तेचाळीस. ताई, काय चाललंय तुमचं?"

"आणि मुलगी?"

"बारा."

मी फोन कापला.  ते लाल अंडं खिशात होतं, ते मी मुठीत धरून बसले. उद्या पहाटे ती पोर याच सीटवर बसणार होती, याच दाराला टेकून. दोन हजार किलोमीटर.

आणि माझ्या डोळ्यांदेखत... दोन हजार बाराच्या पुढे एक आडवी रेघ उमटायला लागली.

ब्रश दिसत नव्हता. हात दिसत नव्हता. फक्त रेघ, सावकाश पुढे सरकणारी. क्रूसावर जन्म आणि मरणाच्या मध्ये असते ती रेघ.

मी पुसली. परत आली. परत पुसली. टर्पेंटाइनची अख्खी बाटली रिकामी केली. बाटली बदलायला वळले, तर पाण्याच्या बादलीत माझा बारीक ब्रश पडला होता, एसीच्या जाळ्या साफ करायचा. त्या दिवशी मी त्याला हातही लावला नव्हता. त्याचे केस निळे झाले होते.

मी आईला फोन केला. माझी आई झिनोव्हिया, ब्याऐंशी वर्षांची, उद्यासाठी पाव भाजत होती. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, रंग घेताना काय बोललीस? मी म्हटलं, काही नाही. ओव्हनचं दार लावल्याचा आवाज आला.

"पण आई, आजी आपल्या नातीचं वाईट करेल का?"

"नाही करणार."

"मग हे लिहितंय कोण?"

 "ते विचारू नकोस. उद्या आधी त्याला क्रूस रंगवायला लाव, आणि डबा रीतसर घे."

सहा वाजता ग्रिगोरे आला. मुलगी त्याचं बोट धरून. दार त्या क्षणी स्वच्छ होतं, एक ठिपकाही नव्हता. मी काय दाखवणार होते त्याला? सरळ सांगून टाकलं. काय पाहिलं ते, आणि उद्या आधी क्रूस रंगवा, मग कुठे जायचं तिथे जा.

तो आधी हसला. मग चिडला. दारूबिरू घेता का दुपारची, असं विचारलं मला. नऊ वर्षं तिकडे राहिलोय, म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकायला आलो नाही, म्हणाला.

"चावी द्या ताई."

"नाही देणार. पोलिसांना बोलवा हवं तर."

आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाची चावी मी अडवून ठेवली.  तो हात पुढे करून माझ्याकडे आला...

खर्र... खर्र...

त्याचा हात तसाच राहिला.

खर्र... खर्र...

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मुलीला त्याने मागे ओढलं, गाडीपासून लांब.

"दोनदा," तो हळूच म्हणाला. "आई ब्रश असाच निथळवायची. दोनदा. मग थांबायची. ती कुंपण रंगवायची तेव्हा मी खोलीत झोपलेलो असायचो आणि हे ऐकू यायचं."

मुलगी रडायला लागली. तिला आवाजाची भीती वाटली नव्हती. बाप रडतोय हे पाहून ती रडत होती.

रविवारी सकाळी माझ्या गाडीतून आम्ही तिघं गेलो. अर्धं गाव कबरींवर जमलं होतं, लाल अंडी, पाव, वाइन. अगाफियाचा क्रूस तेवढा उघडा, लाकूड फाटलेलं. मी डबा ग्रिगोरेला परत केला, त्याने तो पुन्हा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, हा अगाफियाच्या आत्म्यासाठी. मी म्हटलं, देव तिला क्षमा करो. मग त्याच डब्यातल्या रंगाने त्याने क्रूस रंगवला, दोन हात. मी शेजारी उभी राहून मुलीचा हात घट्ट धरला होता. तिला दुखत होतं, तरी सोडला नाही.

दार कोरडंच राहिलं, आणि सोमवारी ते त्याच गाडीतून गेले. पोचल्याचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये हुंदके देऊन रडले.

इथे संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी साथ आली. सीमा बंद, ग्रिगोरे येऊ शकत नव्हता. त्या ब्लाझिनीला दफनभूमीसुद्धा बंद होती. मी मनात म्हटलं, कुणाचाच क्रूस रंगलेला नाही या वर्षी, मेलेल्यांनाही कळत असेल की.

रविवारी दुपारी त्याचा फोन आला. आधी नुसता श्वास ऐकू येत होता.

"ताई... दार ओलं आहे."

गाडी दीड महिना त्याच्या इमारतीखाली उभी होती. कुलूप लावलेली. नाव होतं. दोन हजार बारा होतं. रेघ होती. आणि रेघेच्या पुढे...

"दोन आणि शून्य लिहून झालंय," तो म्हणाला. "आता पुढचा आकडा काढतंय. मी पुसतोय, पण ते थांबत नाहीये ताई."

मी रंग घेतला आणि निघाले. मागच्या बाजूने दफनभूमीचं कुंपण चढले, मांडी फाटली, वण आहे अजून. फोन कानाला लावूनच रंगवत होते. अगाफियाच्या आत्म्यासाठी, म्हणत होते. देव तिला क्षमा करो, हेही मीच म्हणत होते, घ्यायला दुसरं होतं कोण?

शेवटचा हात फिरवला तेव्हा तो फोनवर म्हणाला, "थांबलं."

तिसरा आकडा अर्धाच राहिला होता. नुसती एक वाकडी रेष. दोनची सुरुवात असेल, तीनची असेल, आठची असेल.  

तेव्हापासून दरवर्षी तो येतो. एकदाही चुकला नाही. दरवर्षी क्रूस रंगवून झाला की आम्ही दोघं त्या गाडीचं मागचं दार उघडतो आणि बघतो. कोरडं असतं. मग आम्ही जेवतो. गाफित्सा, म्हणजे ती छोटी अगाफिया, आता तेरा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा उंच झालीय. तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

यंदा ते नव्या गाडीतून आले. पांढरी, मोठी, चकचकीत. मी विचारलं, जुनी कुठे आहे?

"विकली," ग्रिगोरे म्हणाला. फार खूश होता. "कायमचं संपवून टाकलं ताई. दलालाला दिली, त्याने पुढे कुणाला दिली तेही माहीत नाही."

 त्या दिवशी मी ताटाला हात लावला नाही.

तो समजतो, सुटलो.

आता त्या दारावर पुढचे आकडे आले... तर आम्हाला सांगणार कोण?