हळदीतला घास

ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी नर्सने दिपिकाला चालायला उठवलं. पोटाला पाच भोकं पाडलेली, पण ठणकत होता तो खांदा. एका हाताने सलाइनचा स्टँड ढकलत, दुसऱ्याने भिंत चाचपत ती नवीन पनवेलच्या त्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून निघाली. खिडकीबाहेर श्रावणातला पाऊस हायवेवर आडवा झोडपत होता. ट्रकांचे लाल दिवे त्यात विरघळल्यासारखे दिसत होते.

"खांदा ना?" मागून आवाज आला. "गॅस आहे तो. ऑपरेशनसाठी पोटात भरतात. चालल्याशिवाय जात नाही."

तिने सावकाश वळून पाहिलं. हिरव्या गाऊनमध्ये कसाबसा मावलेला एक तरुण, त्याच्याही हाताला सलाइन.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"छे! सकाळी तुमचा नंबर उशिरा लागला ना? तो माझ्यामुळे. तुमच्या आधी टेबलावर मीच होतो. सॉरी हां."

ती हसली आणि लगेच पोट धरून थांबली. "हसवू नका... टाके ओढतात."

"मग रागाने बघा. रागाने टाके ओढत नाहीत."

त्याचं नाव प्रणित. खारघरमधल्या बेलपाड्याचा. वजन तिच्याहून बरंच जास्त, आणि झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री मशीन लावून झोपणारा. तिला डायबेटिस लागला होता, गुडघे बोलायला लागले होते. दोघांचंही ऑपरेशन एकच, वजन उतरवायचं. दुसऱ्या दिवशी दोघांना औषधाच्या बाटलीच्या टोपणाएवढ्या कपातून पाणी मिळालं. एक कप संपवायला पाव तास. गटकन प्यायचं नाही, नुसते ओठ ओले करत राहायचं.

खिडकीशी शेजारी शेजारी बसून प्रणितने आपला कप तिच्या कपाला हळूच टेकवला. "चिअर्स! एवढी टिकलेली पार्टी मी पहिल्यांदाच बघतोय."

दिपिका त्याच्याकडे बघत राहिली. कपाकडे बघायचं तिला आठवलंच नाही.

* * *

पुढचे महिने कसे जातात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ते ऐकणं वेगळं आणि तळोज्याच्या घरात ते काढणं वेगळं. आधी नुसतं डाळीचं पाणी आणि प्रोटीनची पावडर, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ भात, तोही चहाच्या चमच्याने. एक घास घ्यायचा, चमचा खाली ठेवायचा, घासाचं पाणी होईपर्यंत चावायचं. जेवताना पाणी नाही. वास तर असे अंगावर यायचे, की एमआयडीसीकडून वारा सुटला की ती खिडक्या लावून नाक दाबून बसायची. आईने बोंबील तळले की तिला मळमळायचं, आणि तेच बोंबील आता खाता येत नाहीत म्हणून ती उशीत तोंड घालून रडायची. पोटाला भूक नव्हती, डोक्याला होती. जन्मभराची मैत्रीण न सांगता गाव सोडून गेल्यासारखं वाटत होतं.

हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती. तिच्या आईने, हौसाने, सगळीकडे 'अपेंडिक्स' सांगून ठेवलं होतं.

"लोकांना कललं तर तुला कोन करील गो?" हौसा म्हणायची. "खायाला येत नाय, पोरं होतील का नाय, धा तोंडं धा गोष्टी."

मग उरला प्रणित. संध्याकाळी कंपनीतून सुटल्यावर ती पनवेलला वडाळे तलावावर यायची. चालणं दोघांनाही सक्तीचं होतं, त्यामुळे बहाणा शोधायला लागला नाही. तो रोज विचारायचा, "आज काय मेनू?" आणि ती म्हणायची, "अर्धं अंडं. पण काय अंडं होतं म्हणून सांगू!"

तुळशीचं लग्न जवळ आलं तसे तिचे केस गळायला लागले. विंचरताना मूठभर हातात यायचे. एकदा बाकावर बसल्यावर प्रणितने तिच्या खांद्यावरचा लांब केस उचलला, बोटाला गुंडाळला.

"टाक तो," ती ओशाळून म्हणाली. "घाण दिसतोय."

"माझे पण चाललेत. टोपी उगाच घालतो का?" तो म्हणाला. "दोघांना टक्कल पडलं की लग्नाच्या फोटोत जोडी शोभेल."

"कोणाच्या लग्नाच्या?"

तो तलावाकडे बघत राहिला. कान मात्र लाल झाले होते. "कळेलच..."

त्या संध्याकाळी घरी जाताना दिपिकाला थंडी वाजत होती. हल्ली ती सतत वाजायचीच, अंगावरची चरबी उतरली की वाजते म्हणे. पण हाताचा तळवा, जो त्याने निरोप घेताना जरा जास्त वेळ धरला होता, तो उबदार राहिला.

एक गोष्ट मात्र तिला टोचायची. बेलपाड्यात प्रणितने व्यायामाने वजन उतरवल्याचं सांगितलं होतं. भात सोडला, घाम गाळला, एवढंच. मित्राबरोबर तो गावात जिम काढत होता आणि नाक्यावर त्याचा फ्लेक्स लागला होता. डावीकडे जुना प्रणित, उजवीकडे नवा. पोरं त्याला रस्त्यात गाठून डाएट विचारायची.

"तू कधी सांगणार?" तिने एकदा विचारलं.

"आणि तू?"

दिपिकाने चालायचा वेग वाढवला.

* * *

हृतिकची हळद बेलपाड्यात होती. हृतिक तिचा मामेभाऊ. मांडवात शिरताना हौसा कानाशी लागली, "मामीला शंका यायला नको. येक वडा तरी खा."

डीजे दणाणत होता. पंगतीत दिपिकाच्या ताटात कुमुदमामीने वडे आणि मटण वाढलं आणि कमरेवर हात ठेवून समोरच उभी राहिली. "इतकुसा घास? माझ्या पोराची हलद हाय गो! आनि तू आजारनीसारखी बसलीस!"

चार बायका टक लावून बघत असल्या की घास चावायला वेळ मिळत नाही. दिपिकाने वड्याचा तुकडा मटणात बुडवला आणि तसाच गिळला. मग दुसरा.

तो छातीच्या मध्यावर अडकला. आधी जड वाटलं, मग कळ आली, कपाळावर घाम फुटला, तोंडात लाळेचा फेस जमायला लागला. ती ताट ढकलून उठली आणि मांडवाच्या कडेला, नळाशी, वाकली. वडा, मटण, फेस... सगळं बाहेर आलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डीजे नेमका गाणं बदलायला थांबला होता.

मामीच्या शेजारची सखूबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "उलट्या, चक्कर, त्वांड उतरलेलं... लक्षनं काय बरी नाय, हौसे."

"काय पन बोलू नको!" हौसा ओरडली.

"मी कशाला बोलू? पनवेलच्या तलावर आपल्या प्रणितसंगं कोन फिरते, ते माझ्या नातवानं बगलंय."

बायकांच्या माना एकदम वळल्या. प्रणित पाण्याचे जार उतरवायला आला होता. त्याने दिपिकाकडे पाहिलं. तिला नक्की काय झालंय, हे त्या मांडवात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. घास अडकून तोही दोनदा असाच वाकला होता. एक वाक्य पुरलं असतं.

"काय रे प्रणित?" कुमुदमामीने विचारलं. "वलखतोस का हिला?"

त्याच्या मागे जिमची पोरं उभी होती.

"नाय... म्हंजे, तोंडओळख आहे," तो म्हणाला आणि जार उचलून आत गेला.

दिपिकाने नळाखाली तोंड धुतलं. ओढणीने पुसलं. मग ती बायकांकडे वळली.

"सखूआजी, माझं अपेंडिक्स नव्हतं. वजनाचं ऑपरेशन केलं. पोट कापून लहान केलंय. मूठभरच मावतं आणि घाईने खाल्लं की असं होतं. पोटात दुसरं काही नाही."

हौसा मटकन खुर्चीत बसली. मग कुमुदमामी पुढे आली, तिच्या ओल्या हाताला धरून म्हणाली, "आदी सांगायचं ना गो येडे... मी वाडलं नसतं."

प्रणितचं नाव दिपिकाने घेतलं नाही.

* * *

आठवडाभर तिने त्याचे फोन उचलले नाहीत. रविवारी सकाळी मात्र ती तलावावर गेली. तो आधीच येऊन बसला होता, डोळे सुजलेले.

"मी घाबरलो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तू काहीतरी बोल ना. शिव्या घाल."

"कशाला? तुझ्या जागी महिन्याभरापूर्वी मीही तेच केलं असतं."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर, दिपिका." हे तो पहिल्यांदाच म्हणत होता. तिने या वाक्याची इतकी वाट पाहिली होती, की ते आल्यावर तिला नुसतंच थकल्यासारखं झालं. "मी सांगतो सगळ्यांना. आईला, पोरांना, सगळ्यांना. शपथ."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खरं बोलत होता. तिच्या मनात काहीतरी पुन्हा हलायला लागलं... आणि तेवढ्यात वळणावरून तीन पोरं धावत आली. बेलपाड्याची, पण हळदीत न दिसलेली.

"प्रणितदादा! संडेला पण वर्कआउट? मानलं!" त्यातला एक धापा टाकत थांबला आणि दिपिकाकडे बघून हसला. "ही कोण, दादा?"

प्रणित उठून उभा राहिला. त्याने तोंड उघडलं. "ही... म्हणजे आम्ही दोघं..." त्याचे कान लाल झाले, नजर एकदा पोरांवर, एकदा तिच्यावर. दिपिका थांबली. घाई केली नाही, मदत केली नाही. पाण्यावरून एक बगळा उडाला आणि पलीकडे जाऊन बसला. शब्द काही आला नाही. समोरची पोरं वाट बघत होती, आणि तिला त्याची दया यायला लागली.

"मी हृतिकची आतेबहीण," तीच म्हणाली. "हळदीत भेट झाली होती. हे दिसले म्हणून थांबले."

"अच्छा, अच्छा!" पोरं हात हलवून पुढे पळाली.

प्रणितने श्वास सोडला. क्षणभरच, पण त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मग ती तिने पाहिल्याचं त्याला कळलं आणि त्याचा चेहरा पडला.

"दिपिका, मी सांगणारच होतो..."

"हो रे." तिने त्याच्या टोपीची पुढची कड अलगद सारखी केली. "सांगशील कधीतरी. तेव्हा कोणी चांगली भेटलेली असू दे तुला."

"आणि तू?"

"मला घरी जायचंय. आई बोलत नाहीये माझ्याशी. तिला समजवायचंय."

ती रिक्षा स्टँडकडे निघाली. पाठीमागून त्याने हाक मारली नाही. मारली असती तर ती वळली असती. रस्ता ओलांडेपर्यंत ती हळूहळू चालत राहिली.