चंपत भोयरचा जबाब

"पानी मिळंन का, बाई?"

वसुंधरानं टाइपरायटरवरून मान वर केली. खिडकीच्या गजांपलीकडे एक उंच तरुण उभा होता. केसांत सिमेंट, भुवयांवर सिमेंट, आणि त्या सगळ्या धुळीत दोन हसरे डोळे. तिनं सुरईतून पेला भरून दिला.

एकसष्ट सालचा फाल्गुन होता. भिलाईच्या कारखान्याची नवी चिमणी रोज थोडी थोडी वर चढत होती, आणि तिच्यावर काम करणारी माणसं खालून मुंग्यांएवढी दिसत.

"नाव काय तुमचं?" तिनं सहज विचारलं.

"चंपत भोयर. पन नाव आयकून घाबरू नका, पळून जानारा नाही मी."

ती हसणार होती... पण हसू ओठांवरच राहिलं. मशीनमधल्या कागदावर तेच नाव होतं. हुकूम मोडल्याबद्दल चिमणीवर काम करणारा रिगर चंपत भोयर याला आजपासून कामावरून काढण्यात येत आहे —

"तुमी... साहेबाचा हुकूम मोडला?"

"मोडला. शंभर फुटांवर बिना पट्ट्याचं चढा म्हने. मी म्हनलं, कमरेचा पट्टा द्या, आत्ता चढतो." त्यानं पेला खाली ठेवला. "तुमाले कसं ठाऊक?"

तिनं मशीनमधून कागद ओढला आणि सरळ मॅनेजरच्या खोलीत गेली.

दुर्गच्या रेल्वे गार्ड शामरावांची ही मुलगी दीड वर्षापासून ठेकेदाराच्या कचेरीत टायपिस्ट होती. कंपनीचे नियम टाइप करून करून तिला तोंडपाठ झाले होते. आरोप लेखी दिल्याशिवाय आणि माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय कुणाला काढता येत नाही, असं तिनं साहेबांना हळूच सांगितलं. साहेब कुरकुरले. पण कायदा त्यांनाही ठाऊक होता. आरोपपत्र निघालं. जबाबाला तीन दिवस, शनिवारी चौकशी.

जबाब चार ओळींचा होता. तो लिहायला तिन्ही दिवस लागले.

जेवणाच्या सुट्टीत दोघं कडुनिंबाखाली बसत. तो बोरं आणायचा, ती कागद.

"'नम्र' लिवायचं का 'अतिनम्र'?"

"तुमी नम्र कुठं आहा?"

"तुमच्यापुढं आहोच ना."

ती कागदावर वाकली. कानाच्या पाळ्या मात्र गरम झाल्या होत्या.

"कावून इतकं करून राहिल्या माह्यासाठी?"

"तुमच्यासाठी नाही. कायद्यासाठी करून राहिली."

"कायद्याचं नशीब," तो म्हणाला. मग खाली बघत — "मागच्या साली आमच्या गँगमंधला गुलाब पडला, बाई. त्याच्या मायले सांगाले मीच गेलतो."

वसुंधरानं आधीच्या सगळ्या ओळी खोडल्या आणि ही पहिली लिहिली.

शनिवारी चौकशीला साहेब, मुकादम आणि नोंद घ्यायला वसुंधरा. नियमाप्रमाणे चंपतला मदतीला एक सहकारी आणता येत होता. गँगमधल्या बळीरामनं कबूल केलं होतं, पण सकाळीच मुकादमानं त्याला दम भरला. तीन लेकरांचा बाप तो. दारात मान खाली घालून उभा राहिला.

"किसको लाए हो?" साहेबांनी विचारलं.

"कोनी नाही, साहेब."

वसुंधराची खुर्ची करकरली.  नोकरी गेली तर बाबांना काय सांगायचं, हे मनात येऊन गेलं. तरी ती उठली, नोंदवही मिटली आणि चंपतशेजारी जाऊन उभी राहिली.

"मैं हूँ, साहब. मैं भी यहीं काम करती हूँ."

"आप? ये आपके कौन लगते हैं?"

कोणी नाही, असं म्हणता आलं असतं. तिनं एकदा चंपतकडे पाहिलं...

"अभी तो कोई नहीं. इन्होंने पूछा नहीं."

बाहेर खिडकीशी जमलेली गँग खो खो हसली. साहेबांनी उगीच चष्मा पुसला. तोवर वसुंधरानं मुकादमाला विचारलं, वर किती माणसं चढतात? चौदा. पट्टे किती? मुकादमानं साहेबांकडे पाहिलं. तिनं पुन्हा विचारलं. दोन.

साहेबांनी समोरच्या जबाबातली गुलाबची पहिली ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी आरोपपत्र फाडलं. सोमवारी जीपमधून नवे पट्टे आले. वसुंधरावर साहेब आठवडाभर घुश्शात होते, पण तिला काढण्याजोगं कलम त्यांना कुठं सापडलं नाही.

चौकशीच्या त्याच शनिवारी संध्याकाळी भिलाईच्या पावर हाउस स्टेशनावर ती दुर्गच्या गाडीत चढत होती. चंपत धापा टाकत आला. केस चक्क धुतलेले.

"तुमी म्हनल्या, इचारलं नाही." त्यानं डब्याचा दांडा धरला. "तं... आता इचारून राहिलो. दुर्गले येऊ का? मायले घेऊन?"

गाडीनं शिट्टी दिली. वसुंधरा दारात उभी होती, पदर वाऱ्यावर.

"उद्या बाबांची ड्यूटी नाही," ती म्हणाली.

तो गाडीसोबत चालू लागला. "मंग सकाळी येऊ का संध्याकाळी?"

"दुपारचे या," ती बाहेर वाकून म्हणाली, "जेवाले."